टोपी कोणती यापेक्षा जागा कोणती: अमेरिकन कॉलेज फुटबॉलची भरती आणि हरणाऱ्या संघाचं दुखणं

डिसेंबर आला की अमेरिकेतल्या क्रीडा-बातम्यांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. शाळेचा हॉल गच्च भरलेला असतो. टेबलामागे सतरा-अठरा वर्षांचा धिप्पाड मुलगा, शेजारी आई-वडील आणि समोर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या. मुलगा त्यातली एक उचलून डोक्यावर घालतो आणि जल्लोष होतो. एका मुलाने कॉलेज निवडलं, यात देशभर बातमी होण्यासारखं काय आहे, असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. पण महाराष्ट्रातून मिशिगन, ओहायो, टेक्सासला शिकायला गेलेल्या कुठल्याही मुलामुलीला विचारा. तिथल्या पहिल्याच शनिवारी त्यांना कळतं की सगळं गाव मैदानाकडे निघालंय. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात, आणि तेही विद्यार्थ्यांचा सामना पाहायला.

टोपीच्या त्या प्रसंगात सगळ्यांचं लक्ष मुलगा कुठल्या कॉलेजात जातोय याकडे असतं. माझ्या मते त्याहून मोठी निवड त्या हॉलमध्ये दिसतच नाही. मैदानावर तो कुठल्या जागेवर उभा राहणार, ही ती निवड. त्याचं पुढचं आयुष्य बरंचसं तिथे ठरतं. आणि एखादा संघ वर्षानुवर्षं का हरतो, याचं उत्तरही बहुतेक वेळा तिथेच सापडतं. हे कसं, ते समजून घ्यायला आधी थोडा खेळ कळायला हवा.

मैदानावर कोण काय करतं

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी एका संघाचे ११ जण मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत करत समोरच्या टोकाला पोचायचं. आपल्याला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की आक्रमणाचे ११ आणि बचावाचे ११ हे वेगवेगळे खेळाडू असतात. चेंडूचा ताबा बदलला की अख्खा संच बाहेर जातो आणि दुसरा आत येतो. चेंडूला लाथ मारणारे आणखी वेगळे.

आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. तो चेंडू लांब फेकतो किंवा शेजारच्याला देतो. चेंडू घेऊन घुसणारा तो रनिंग बॅक आणि दूर पळत जाऊन झेल घेणारे ते रिसीव्हर. या सगळ्यांच्या पुढे पाच जणांची भिंत असते, तिला म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइन. आपण तिला नुसतं ‘लाइन’ म्हणू. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि कडेला दोन टॅकल. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं आणि क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. हे पाच जण सहसा चेंडूला हातही लावत नाहीत. पुढे फेकलेला चेंडू झेलायची नियमाने त्यांना परवानगीच नसते. धावफलकात त्यांच्या नावापुढे काही लिहिलं जात नाही. भिंत फुटली आणि चेंडू सुटण्याआधीच क्वार्टरबॅक आडवा झाला, की त्याला ‘सॅक’ म्हणतात.

बचावातही समोर भिंत फोडणारे धिप्पाड गडी असतात, त्यांच्या मागे लाइनबॅकर आणि सगळ्यात मागे रिसीव्हरच्या सावलीसारखे पळणारे कॉर्नरबॅक. ही एवढी नावं पुरेत.

भरती होते कशी

अमेरिकेत सुमारे १० लाख मुलं शाळेत हा खेळ खेळतात. त्यांतल्या चांगल्या मुलांच्या मागे कॉलेजचे कोच नववी-दहावीपासून फिरतात. घरी जातात, आईच्या हातचं जेवतात, मुलाला कॉलेज दाखवायला बोलावतात. या सगळ्या प्रकाराला रिक्रूटिंग म्हणतात आणि अशा मुलाला रिक्रूट. मुलाने तोंडी होकार दिला की ‘कमिट’ झाला, पण तो शब्द कुणाला बांधत नाही. डिसेंबरमध्ये कागदावर सही होईपर्यंत मुलगा मन बदलू शकतो आणि कॉलेजही. २०२१च्या डिसेंबरमध्ये ट्रॅव्हिस हंटर या देशातल्या अव्वल मानल्या गेलेल्या रिक्रूटने ऐन सहीच्या दिवशी फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मोडून जॅक्सन स्टेट या तुलनेने लहान, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाची निवड केली, तेव्हा सगळा देश चकित झाला होता.

खाजगी संस्था या मुलांना दोन ते पाच तारे देतात. अठराव्या वर्षी मुलगा कसा दिसतो याचा तो अंदाज असतो. एकविसाव्या वर्षी तो कसा होईल, हे त्या ताऱ्यांत नीटसं दिसत नाही. आत्ता एक सत्तर किलोंचा कॉर्नरबॅक आणि एक एकशेवीस किलोंचा टॅकल शेजारी उभे केले, तर पहिल्याचं पुढे काय होणार हे ओळखणं सोपं असतं. दुसऱ्याचं शरीर अजून घडायचं असतं.

चेंडू सगळ्यांनाच हवा असतो

शाळेच्या संघातला सगळ्यात चपळ, सगळ्यात हुशार मुलगा बहुतेक वेळा क्वार्टरबॅक असतो. चांगल्या खेळाडूच्या हातात चेंडू द्यावा, हा शाळेच्या कोचचा साधा हिशोब. त्यामुळे कॉलेजच्या दारात क्वार्टरबॅक, रिसीव्हर आणि रनिंग बॅक यांची गर्दी होते. पण क्वार्टरबॅक एका वेळी एकच खेळतो. दुसरा, तिसरा, चौथा बाकावर बसतात. कोण पहिला, कोण दुसरा या उतरंडीला ‘डेप्थ चार्ट’ म्हणतात. मुलाने सही करण्याआधी कॉलेजच्या इमारतींपेक्षा हा तक्ता जास्त बारकाईने पाहायला हवा असं मला वाटतं. आपल्या जागेवर पुढे कोण आहे, तो कधी बाहेर पडणार आणि याच वर्षी त्याच जागेसाठी आणखी कितीजणांना शब्द दिलाय, हे विचारायला हवं.

उलट बाजूला लाइनसाठी सव्वासहा फूट उंच, १३५ ते १४० किलो वजनाचा आणि तरीही पाय हलके असलेला माणूस लागतो. अशी शरीरं जगात मुळातच थोडी. शिवाय ती अठराव्या वर्षी तयार नसतात. बहुतेकांना दोन-तीन वर्षं नीट खाऊन, वजनं उचलून, पायांची ठेवण शिकून तयार व्हावं लागतं. यासाठी ‘रेडशर्ट’ नावाची सोय आहे: मुलगा एक वर्ष सराव करतो, फारसा खेळत नाही आणि त्याचं खेळण्याचं ते वर्ष वाया जात नाही. रिसीव्हर आल्या-आल्या चमकू शकतो, लाइनमनला मुरावं लागतं.

जागा बदलून माणूस उजळतो, हे आपल्याला नवं नाही. रवी शास्त्री १९८१मध्ये भारताकडून पहिल्यांदा खेळला तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून, दहाव्या क्रमांकाचा फलंदाज. दोनच वर्षांनी त्याने कराचीत सलामीला जाऊन पाकिस्तानविरुद्ध शतक ठोकलं. बोरिवलीच्या शाळेत रोहित शर्मा आधी ऑफस्पिनर होता, आणि एकदिवसीय सामन्यांत त्याचं खरं सोनं झालं ते २०१३मध्ये त्याला सलामीला पाठवल्यावर. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये गोलंदाजालाही बॅट हातात धरावीच लागते. फुटबॉलमधला मुलगा क्वार्टरबॅकचा टॅकल झाला, तर त्याला आपलं शरीरच नव्याने घडवावं लागतं, आणि ते केल्यावर सहसा परत फिरता येत नाही.

कोलोरॅडो: चकाकी होती, भिंत नव्हती

एक खराखुरा हरणारा संघ घेऊ. बोल्डरच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेलं कोलोरॅडो विद्यापीठ १९९०मध्ये राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत गेलं होतं. २०२२मध्ये त्याच विद्यापीठाचा संघ १२ पैकी ११ सामने हरला. कोचला हंगामाच्या मध्यातच घरी पाठवलं. त्या डिसेंबरमध्ये डिऑन सँडर्स आला. हा माणूस एका काळचा महान कॉर्नरबॅक, आणि व्यावसायिक बेसबॉलही खेळलेला. येताना त्याने जॅक्सन स्टेटहून आपला मुलगा शेडूर याला क्वार्टरबॅक म्हणून आणलं आणि ट्रॅव्हिस हंटरलाही. जुन्या खेळाडूंपैकी बहुतेकांना त्याने दुसरीकडे वाट शोधायला सांगितलं. संघ जवळजवळ अख्खा नवा झाला.

२०२३चा पहिला सामना टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाशी होता. आदल्या वर्षी हा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला होता. कोलोरॅडोने तो ४५-४२ असा जिंकला. शेडूरने ५१० यार्ड चेंडू फेकला. हंटर रिसीव्हरही खेळला आणि कॉर्नरबॅकही, शंभराहून जास्त चालींत मैदानावर होता. पहिले तिन्ही सामने जिंकल्यावर देशभरातल्या वाहिन्या बोल्डरला धावल्या.

मग भिंत फुटायला लागली. ओरेगनने ४२-६ असं धुतलं. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी होती, तो सामनाही संघ जादा वेळेत ४३-४६ असा हरला. उरलेल्या नऊपैकी आठ पराभव, शेवटी ४ विजय आणि ८ पराभव. त्या हंगामात शेडूरला ५२ वेळा सॅक केलं गेलं. रनिंग बॅकलाही फटी मिळत नव्हत्या: धावून मिळवलेल्या यार्डांची सरासरी सामन्याला ७०च्याही खाली, मोठ्या विद्यापीठांच्या संघांत तळाला.

इथे नीट पाहिलं पाहिजे. ज्या जागांवर जग पाहतं, त्या क्वार्टरबॅक, रिसीव्हर, कॉर्नरबॅक या तिन्ही जागांवर कोलोरॅडोकडे देशातले उत्तम खेळाडू होते. हंटरने तर पुढच्या वर्षी, २०२४मध्ये, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइझमन ट्रॉफी जिंकली आणि २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडायच्या वार्षिक प्रक्रियेत, दुसऱ्याच क्रमांकावर तो निवडला गेला. पण लाइनवर वेगवेगळ्या कॉलेजांतून काही महिन्यांपूर्वी एकत्र आलेले पाच जण उभे होते. लाइनचं काम पाचांनी मिळून करायचं असतं. समोरचा बचावपटू आपल्या गार्डकडून सुटला तर शेजारच्या टॅकलने त्याला केव्हा घ्यायचं, हे ओरडून सांगायला वेळ नसतो. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहूनच ते अंगात मुरतं. एक रिसीव्हर कमकुवत असेल तर दुसऱ्याकडे चेंडू टाकता येतो. पण पाचांपैकी एक कमकुवत असेल, तर समोरचा संघ अख्खा सामना त्याच फटीतून आत घुसत राहतो.

सँडर्सलाही हे कळलं. नवे लाइनमन आणावे लागतील, असं त्याने त्याच हंगामात जाहीरपणे सांगितलं, आणि डिसेंबर २०२३मध्ये जॉर्डन सीटन हा देशातला अव्वल दर्जाचा टॅकल त्याने मिळवलाही. २०२४मध्ये संघ ९ सामने जिंकला आणि ४ हरला. मग हंटर आणि शेडूर दोघेही बाहेर पडले आणि २०२५मध्ये संघ पुन्हा ३ विजय, ९ पराभवांवर आला. दोन अलौकिक खेळाडूंच्या खाली जे मुरायला हवं होतं, ते अजून मुरलेलंच नव्हतं.

मग जागा मुलाने ठरवावी की कोचने?

कोचच्या बाजूने सांगायचं तर उदाहरणांना तोटा नाही. टेक्सासमधल्या एका छोट्या गावातला लेन जॉन्सन शाळेत आणि ज्युनियर कॉलेजमध्ये (तिकडे हे शाळेनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) क्वार्टरबॅक होता. ओक्लाहोमा विद्यापीठात त्याला आधी टाइट एंड केलं, म्हणजे अर्धा लाइनमन आणि अर्धा रिसीव्हर अशा जागेवर टाकलं, मग बचावात पाठवलं, आणि शेवटी टॅकल केलं. २०१३च्या ड्राफ्टमध्ये तो चौथ्या क्रमांकावर निवडला गेला आणि फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाचा आधारस्तंभ झाला. क्वार्टरबॅकच राहिला असता तर बहुधा त्याचं नाव आपण ऐकलंही नसतं. सिनसिनाटी विद्यापीठातल्या केल्सी भावांचंही तसंच. ट्रॅव्हिस क्वार्टरबॅक होता, तो टाइट एंड झाला. जेसन आला तो रनिंग बॅक म्हणून, तोही शिष्यवृत्तीशिवाय, आणि झाला सेंटर. दोघेही आपापल्या जागेवरचे त्या पिढीतले सर्वोत्तम मानले जातात.

पण दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अमेरिकेत कितीतरी वर्षं कृष्णवर्णीय मुलाला क्वार्टरबॅक होऊ देत नसत. नेतृत्व आणि डोकं लागणारी जागा गोऱ्यांची, पळण्याची जागा काळ्यांची, असा तो पूर्वग्रह होता. मार्लिन ब्रिस्कोने १९६८मध्ये डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून उत्तम खेळ केला, तरी पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. दुसऱ्या संघात जाऊन त्याला रिसीव्हर व्हावं लागलं. मिनेसोटा विद्यापीठाचा यशस्वी क्वार्टरबॅक टोनी डंजी याला १९७७मध्ये कुणी ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. पिट्सबर्गने त्याला ड्राफ्टबाहेर घेतलं ते बचावात खेळवायला. वॉरन मूनने वॉशिंग्टन विद्यापीठाला १९७८चा रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून दिला, तरी व्यावसायिक संघांनी पाठ फिरवली. त्याने जागा बदलायला नकार दिला आणि तो कॅनडात गेला. तिथे सलग पाच अजिंक्यपदं जिंकली, मग परत येऊन २००६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर लमार जॅक्सन पाहा. फ्लोरिडातल्या या मुलाला अनेक कॉलेजं दुसऱ्या जागेवर खेळवायला उत्सुक होती. त्याच्या आईने लुइव्हिलच्या कोचकडून शब्द घेतला की मुलगा फक्त क्वार्टरबॅकच खेळेल. २०१६मध्ये त्याने हाइझमन जिंकली. तरीही २०१८च्या ड्राफ्टच्या वेळी त्याने रिसीव्हर व्हावं असं जाणकार म्हणत होते, आणि तो पहिल्या फेरीत अगदी शेवटी, ३२व्या क्रमांकावर निवडला गेला. दुसऱ्याच हंगामात तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेही एकमताने, आणि २०२३मध्ये पुन्हा.

म्हणून कोचने जागा बदलायला सांगितली की मुलाने मान डोलवावी, असं मी म्हणणार नाही. अडूनच बसावं असंही नाही. कोचला एक प्रश्न विचारला पाहिजे: ही जागा माझ्या शरीरासाठी सुचवताय, की तुमच्या संघात आज पडलेलं भगदाड बुजवायला? लेन जॉन्सनच्या बाबतीत दोन्ही उत्तरं जुळली. जॅक्सनच्या बाबतीत जुळली नसती. हा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलाला एकट्याने विचारता येत नाही. शेजारी कुणीतरी मोठं माणूस लागतं, आणि जॅक्सनला ती आई मिळाली हे त्याचं भाग्य.

पोर्टलमधून तयार माणसं आणता येत नाहीत का?

येतात, आणि आता सगळेच आणतात. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. ती २०१८मध्ये सुरू झाली. आधी कॉलेज बदललं की बहुतेक खेळाडूंना एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१पासून ती अटही शिथिल झाली आणि दरवर्षी हजारो खेळाडू इकडून तिकडे जाऊ लागले.

लाइनच्या बाबतीत पोर्टलची अडचण अशी की दोन-तीन वर्षं मुरलेला चांगला टॅकल सहसा तिथे येतच नाही. त्याचं कॉलेज त्याला जिवापाड जपतं. पोर्टलमध्ये जास्त करून दिसतात ते डेप्थ चार्टवर मागे पडलेले. फ्लोरिडा स्टेटचं उदाहरण बोलकं आहे. २०२३मध्ये हा संघ नेहमीच्या हंगामात आणि आपल्या गटाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात मिळून १३ पैकी १३ सामने जिंकला, त्यात पोर्टलचा मोठा हात होता. त्या पिढीतले दहा जण एकाच ड्राफ्टमध्ये निवडले गेले. त्यांच्या जागी पुन्हा पोर्टलमधून माणसं आणली, क्वार्टरबॅकही आणला. २०२४मध्ये निकाल लागला २ विजय आणि १० पराभव. खाली वाढत असलेली स्वतःची मुलं नसतील तर दरवर्षी नव्याने बाजार करावा लागतो, आणि एखाद्या वर्षी बाजारात हवं ते मिळतच नाही.

पैसा ओतला तर?

२०२१च्या जुलैपर्यंत कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचा, चेहऱ्याचा मोबदला घ्यायला बंदी होती. ती उठली. मग ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या एका मोठ्या तडजोडीमुळे कॉलेजंही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. मोठ्या कॉलेजांत यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो.

मुलांना त्यांच्या कष्टाचा पैसा मिळू लागला याचा मला मनापासून आनंद आहे. स्टेडियमं भरत होती, वाहिन्या कोट्यवधी डॉलर देत होत्या आणि ज्यांचे गुडघे मोडत होते त्यांना काही मिळत नव्हतं, हा उघड अन्याय होता. पण पैशाने संघाचा प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण आता खर्चालाही मर्यादा आहे. एका प्रसिद्ध क्वार्टरबॅकवर मोठा हिस्सा उधळला तर उरलेल्यात पाच जणांची भिंत उभी करावी लागते. व्यावसायिक संघ हा हिशोब कित्येक वर्षं करत आलेत, म्हणून तिथे क्वार्टरबॅकनंतर टॅकल आणि क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे बचावपटू यांची किंमत इतकी चढी असते. रनिंग बॅक टाळ्या खूप मिळवतो, पण त्याची कारकीर्द लवकर आटोपते आणि पगारही मागे राहतो. कॉलेजांनी हा हिशोब आत्ता कुठे शिकायला घेतलाय.

मुलाच्या बाजूनेही पैसा जपून पाहावा लागतो. अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या स्वतःच्या आकडेवारीप्रमाणे ड्राफ्टला पात्र असलेल्या शंभरांपैकी जेमतेम दोघे व्यावसायिक लीगमध्ये पोचतात. पहिल्या वर्षी जास्त रक्कम देणारं कॉलेज त्याला चौथ्या क्रमांकावर बसवून ठेवणार असेल, तर रक्कम संपते आणि वर्षंही.

मग कोचच बदलावा

कोच बदलल्याने फरक पडतो, हे इंडियाना विद्यापीठाने दाखवलं. मोठ्या संघांत हरण्याचा विक्रम ज्यांच्या नावावर होता, त्यांतला हा एक. २०२३मध्ये ३ विजय, ९ पराभव. कर्ट सिग्नेटी नावाचा कोच जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आला आणि २०२४मध्ये संघाने ११ सामने जिंकले, २ हरले. त्यानेही पोर्टलच वापरलं. मग कोलोरॅडोपेक्षा वेगळं काय झालं? सिग्नेटीने आपल्या जुन्या संघातले डझनभराहून जास्त खेळाडू सोबत आणले. ते त्याच्या पद्धतीत घडलेले, एकमेकांशेजारी खेळलेले आणि वयाने थोडे मोठे होते. ताऱ्यांच्या मोजणीत त्यांतले बरेचसे कुणाच्या खिजगणतीत नव्हते. त्यांतला कोण कोणती जागा भरणार हे त्याला आधीपासून माहीत होतं.

पण वारंवार कोच बदलण्याचं नुकसान लाइनलाच सगळ्यात जास्त सोसावं लागतं. प्रत्येक कोचची पद्धत वेगळी. एकाला वजनदार, धक्का देणारे लाइनमन हवे असतात, तर दुसऱ्याला हलके, पळणारे. पहिल्यासाठी वीस किलो वाढवलेल्या मुलाला दुसरा येऊन पंधरा किलो उतरवायला सांगतो. तीन वर्षांत दोन कोच पाहिलेला लाइनमन कुठल्याच पद्धतीत पक्का होत नाही, आणि त्याला बाकावर बसवून मग संघ पोर्टलकडे धावतो.

मागच्या दाराने येणाऱ्यांचं काय?

पूर्वी कॉलेजला फुटबॉलसाठी जास्तीत जास्त ८५ शिष्यवृत्त्या देता येत. पण शिष्यवृत्ती नसलेली मुलंही संघात घेता येत, आणि अशांना मिळून संघ शंभर-सव्वाशेपर्यंत जाई. स्वतःच्या पैशाने शिकणाऱ्या आणि सरावाला येणाऱ्या या मुलांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. २०२५च्या तडजोडीने शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाचीच मर्यादा आली: १०५. कोच वाटलं तर १०५ जणांनाही शिष्यवृत्ती देऊ शकतो, पण त्यापलीकडे कुणाला ठेवू शकत नाही. आधीपासून संघात असलेल्या काही मुलांसाठी सूट ठेवली आहे, पण नव्याने येणाऱ्यांना हाच नियम.

शिष्यवृत्ती वाढली, हे कागदावर चांगलं दिसतं. मला काळजी वाटते ती बाकीच्यांची. जेसन केल्सी वॉक-ऑन होता. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड होता. तिथे त्याला टॅकल करायचं ठरलं तेव्हा तो शिष्यवृत्ती सोडून निघाला, मधल्या काळात घरोघरी पिझ्झा पोचवले आणि विस्कॉन्सिनमध्ये वॉक-ऑन म्हणून बचावात खेळायला आला. २०११मध्ये तो ड्राफ्टमध्ये अकरावा निवडला गेला. आपली खरी जागा सापडायला अशा मुलांना एक-दोन वर्षं कुणाच्या नजरेत न येता सराव करायला मिळाली. १०५ जणांच्या संघात, प्रत्येक जागेचा पैशात हिशोब होत असताना, ‘याचं शरीर दोन वर्षांत भरेल, तोवर राहू दे’ असं म्हणणं कोचला महाग पडणार. आणि ज्या जागेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्या लाइनची मुलं यात सगळ्यात आधी कापली जातील अशी मला भीती वाटते. लहान विद्यापीठं आणि ज्युनियर कॉलेजं अशा मुलांना सांभाळतील का, आणि ती घडली की मोठी विद्यापीठं पोर्टलमधून त्यांना उचलून नेणार का, हे येत्या दोन-तीन हंगामांत दिसेल. ते पाहायचं असेल तर शनिवारच्या सामन्यात चेंडू फेकला जाण्याआधीचे दोन सेकंद त्या पाच जणांकडे नजर ठेवावी.